जमा, खर्च आणि शेवाळ

"मासे आणायला निघालोय," असं आमच्या घरात कुणी म्हटलं की आई आतूनच सांगते, "बांगडे ताजे असले तरच आण." त्यामुळे काचेच्या पेटीत चार गोल्डफिश घेऊन मी घरी आलो तेव्हा तिने आधी माशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढ्यात काय होणार?"

पेटी लेकीच्या हट्टापायी आली होती. पुढे लेक शिकायला नागपूरला गेली. जाताना तिने बजावलं, "बाबा, दिवाळीत मी मोजणार आहे हं!" म्हणजे चार माशांची मुदत ठेव माझ्या नावावर जमा झाली. व्याज नको होतं. मुद्दल शाबूत ठेवायचं होतं.

महिन्याभरात पेटीत शेवाळ उगवलं. साधं, काचेवर सारवल्यासारखं नव्हे. चांगलं बोटभर लांब, हिरवं, केसाळ. माझ्या डोक्यावरून जे गेलं ते सगळं तिथे जाऊन रुजलं असावं. वनस्पतीच्या पानापानाला बटा लोंबू लागल्या आणि मासे पडद्याआडून डोकवावं तसे डोकावू लागले.

फरक सापडेना की बँकेतला माणूस मागची पानं उलटतो. तशी मीही उलटली, आणि थेट 1849 सालच्या लंडनला जाऊन पोचलो. तिथे रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बारा गॅलनच्या, म्हणजे सुमारे पंचावन्न लिटरच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. हिशेब सरळ होता. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते. उजेडात वनस्पती प्राणवायू सोडते तो मासे घेतात. एकाचं नावे ते दुसऱ्याचं जमा. दुहेरी नोंद पद्धत मी बी.कॉम.ला शिकलो, या गृहस्थाने ती पाण्यात लिहिली!

पण ताळेबंद जुळेना. पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत हिरवट थर धरला. तेव्हा वॉरिंग्टनने आत गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं, थर खाल्ला, वर अंडी घातली ती माशांनी खाल्ली. हिशेब जुळला, आणि 1850 साली त्याने तो केमिकल सोसायटीपुढे मांडला. जगातल्या दिवाणखान्यांतल्या मत्स्यपेट्यांचं मूळ या कागदात आहे. आणि शेवाळाची तक्रारही पहिल्यापासून त्यातच आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

शेवाळ हे पेटीचं सस्पेन्स खातं. उजेड जास्त झाला, माशांना खाणं जास्त पडलं, त्यांची घाण साठली, की वनस्पतींना वापरून उरेल ते सगळं या खात्यात जमा होतं.

त्या काळात इंग्लंडात काच स्वस्त झाली होती, कारण 1845 साली काचेवरचा कर उठला होता. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्या वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि पेटी बाळगण्याची साथच पसरली. या गॉसबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. वयाच्या सतराव्या वर्षी, 1827 साली, तो न्यूफाउंडलंडमधल्या एका पेढीवर कारकून म्हणून लागला होता. कारकुनाला मासे पाळावेसे का वाटतात हे कारकुनालाच कळतं. दिवसभर काचेपलीकडून लोक आपल्याकडे बघत असतात. संध्याकाळी आपणही कुणाकडे तरी बघावं!

पण माझ्या मनात राहून गेली ती निराळीच बाई. ॲना थिन यांनी 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचं पाणी शिळं होऊ नये म्हणून ते रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपुढे या भांड्यातून त्या भांड्यात ओतावं लागे. ओतायची कोण? घरातली मोलकरीण. पुस्तकात थिनबाईंचं नाव येतं. ही फक्त 'मोलकरीण'. शास्त्र एकाचं, मनगट दुसऱ्याचं.

हत्यारांचंही तसंच. काठीला बांधलेला स्पंज, दाढीचं पातं, चिमटा, बांबूची काडी, सगळी घरातलीच मंडळी. केसाळ शेवाळाला मात्र खरा उतारा दात घासायच्या ब्रशाचा. हा ब्रश पूर्वी डुकराच्या केसांचा असे; 1938 साली अमेरिकेत नायलॉनचा आला. शेवाळात खुपसून एकाच दिशेने फिरवत राहिलं की बट गुंडाळली जाते आणि हलकेच ओढली की निघते. तुटलेले तुकडे नळीने शोषून काढावे लागतात, नाहीतर प्रत्येक तुकडा नवी शाखा उघडतो. जपानचे ताकाशी अमानो, आधी सायकल शर्यतपटू आणि मग मत्स्यपेट्यांचे कलावंत, यांनी 1980च्या दशकात शेवाळ खाणारी चिमुकली कोळंबी पेटीत आणली. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "कोळंबी आणशील तेव्हा आधी मला सांग."

एवढा इतिहास वाचल्यावर एका रविवारी मी बाह्या सरसावल्या. सगळं पाणी काढलं, काच घासली, वनस्पती ओरबाडली, नळाचं ताजं पाणी भरलं. पेटी आरशासारखी झाली. संध्याकाळी एक मासा पोट वर करून तरंगत होता. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि एकदम बदललेलं पाणी माशाला सोसत नाही, हे मी सोमवारी वाचलं.

त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही. तरी शेवाळ वाढेना. मला वाटलं, वॉरिंग्टनचा तोल साधला. आणि एकदा ताप आला म्हणून दुपारीच घरी आलो तर आई स्टुलावर बसून, वाती वळाव्यात तशी, जुना ब्रश पाण्यात फिरवत होती. शेजारी तांब्यात आदल्या दिवशीचं पाणी. रोज एक तांब्या काढायचं, एक घालायचं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू वाचत होतास तेव्हापासून," ती म्हणाली. "रविवारी तेवढी देवळात गेले होते."

दिवाळीत लेक आली. चपला न काढताच पेटीपुढे उभी राहिली. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं. मी तीन दिवस पाठ केलेला खुलासा सुरू करणार, तोच तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "आजी, तो ब्रश दे. आज मी करते."