फोमच्या पोटातली पोकळी : एक थ्रेड

१/ १६ जानेवारी २००३. फ्लोरिडातून ‘कोलंबिया’ अवकाशयान झेपावले. सुमारे ८२ सेकंदांनी बाह्य इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना यान आकाशातच विखुरले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

२/ तुकड्याचे वजन जेमतेम पाऊण किलो. एवढ्याशा फोमने पंख फुटेल, हे अनेक अभियंत्यांना पटेना. ७ जुलै २००३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियोत तसाच तुकडा पंखाच्या कडेवर डागला गेला. सुमारे ४० सेंटिमीटर रुंदीचे भगदाड पडले आणि वाद मिटला.

३/ दोषाचे मूळ मात्र निर्मितीत होते. न्यू ऑर्लिन्समधील मिशू कारखान्यात टाकीवर फोम फवारला जाई. मोठा पृष्ठभाग यंत्राने होई, अडचणीच्या जागा कारागीर हाताने भरत. निखळलेला भाग असाच हाताने फवारून, मग छाटून घडवलेला होता. थरांमध्ये हवा अडकली, तर आत पोकळी राही. वरून काहीच दिसत नसे. चौकशीत इतर टाक्यांवरील असे भाग कापले, तेव्हा आत पोकळ्या आढळल्या.

४/ हे आधी का कळले नाही? धातूतील भेग क्ष-किरणांनी किंवा अल्ट्रासाउंडने शोधता येते. फोम मात्र बहुतांशी वायूच असतो. क्ष-किरण त्यातून जवळजवळ न अडता जातात. ध्वनिलहरी बुडबुड्यांत विरतात. नमुना ओढून, तोडून पाहता येई. पण जो तोडला तो उडणार नव्हता आणि जो उडणार होता तो तोडता येत नव्हता.

५/ ऑगस्ट २००३ च्या चौकशी अहवालाने नोंदवले : टाकीवर बसवलेला फोम न मोडता तपासण्याची प्रमाणित पद्धतच नव्हती. छायाचित्रे उपलब्ध असलेल्या ७९ उड्डाणांपैकी ८० टक्क्यांहून अधिक उड्डाणांत फोम निखळला होता. नेहमीचे झाले, म्हणून त्याचे भय उरले नाही.

६/ त्यानंतर टेराहर्ट्झ लहरी वापरात आल्या. त्या फोम भेदून खालच्या ॲल्युमिनियमवरून परततात. वाटेत पोकळी असेल, तर परतलेल्या लहरीत तिची खूण उमटते. पदार्थावरून उलट विखुरणाऱ्या क्ष-किरणांचीही जोड मिळाली.

७/ तरीही जुलै २००५ च्या पुढच्याच उड्डाणात टाकीच्या दुसऱ्या भागावरून मोठा तुकडा सुटला. सुदैवाने तो यानाला लागला नाही. २००६ च्या उड्डाणापूर्वी फोमचा तो उंचवटाच काढून टाकण्यात आला. आतले पाहणारे डोळे मिळाले होते. पण ‘हा भाग हवाच कशाला?’ हा प्रश्न माणसालाच विचारावा लागला.