पाचव्या पहाऱ्याची घंटा

१६२९, काटकसर

चोंगझेन बादशहा १६२७ मध्ये मिंग गादीवर बसला तेव्हा सोळा वर्षांचा होता. खजिन्यात खडखडाट, ईशान्येला मांचू, वायव्येला दुष्काळ. दोन वर्षांनी ल्यू माओ नावाच्या अधिकाऱ्याने खर्च वाचवायचा एक मार्ग सुचवला: सरकारी टपालचौक्या कमी कराव्यात. घोडे, दाणावैरण, माणसं, सगळ्यावरचा पैसा वाचेल. बादशहाने होकार दिला.

शेन्सी प्रांतात मीझी नावाचा तालुका आहे. तिथल्या चौकीवर काम करणाऱ्या तेविशीतल्या एका तरुणाची नोकरी त्या सुमारास गेली. शेतात पीक नव्हतं, डोक्यावर कर्ज होतं. तो आधी फौजेत आणि मग बंडात गेला. त्याचं नाव ली झिचेंग.

मी हिंजवडीत राहतो. नोकरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळेला डबा घेऊन बसथांब्यावर येतो, हे मी इथे पाहिलं आहे. कपातीच्या कागदावर फक्त वाचलेला पैसा दिसतो. ज्याला घरी पाठवलं तो पुढे कुठे जातो, यासाठी त्या कागदावर रकाना नसतो.

१६४२, टेबलावर राहिलेला कागद

मांचूंशी तह करावा, म्हणजे निदान एक आघाडी शांत होईल, असं बादशहाला वाटत होतं. पण परक्यांशी तह म्हणजे नामुष्की. म्हणून युद्धमंत्री चेन शिनजियाला गुपचूप बोलणी करायला सांगितलं. एके दिवशी बोलण्यांचा अहवाल मंत्र्याच्या टेबलावर राहिला. नोकराला तो नेहमीचा कागद वाटला आणि त्याने तो नक्कल करायला दिला. राजधानीभर बोभाटा झाला.

हुकूम आपलाच होता, असं बादशहा म्हणाला नाही. चेनचं डोकं उडवण्यात आलं. त्यानंतर दरबारात कोणीही कोणत्याही अप्रिय गोष्टीवर आपलं नाव घालेना.

१६४४, ८ फेब्रुवारी. उरले ७७ दिवस

चिनी नववर्षाचा पहिला दिवस. शिआन शहरात ली झिचेंगने नव्या घराण्याची द्वाही फिरवली. नाव ठेवलं शुन. स्वर्गाने मिंगांना दिलेला अधिकार आता माझ्याकडे आला आहे, असा या द्वाहीचा अर्थ होता.

१० फेब्रुवारी. उरले ७५ दिवस

ली मिंगरुई या अधिकाऱ्याने खासगी भेटीत बादशहाला सांगितलं की दक्षिणेला नानजिंगला जावं. तिथे दुसरी राजधानी होती. सगळी खाती, सगळ्या कचेऱ्या तयार होत्या. बादशहा म्हणाला, हे माझ्या मनात कधीचं आहे, पण साथ देणारं कोणी नाही. ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नकोस.

त्याला सही हवी होती, दुसऱ्या कोणाची तरी. पूर्वजांची थडगी सोडून पळालेला बादशहा अशी नोंद इतिहासात नको होती. मंत्र्यांनी तसा आग्रह धरावा आणि आपण नाइलाजाने मान्य करावं, अशी त्याची इच्छा. मंत्र्यांना चेन शिनजिया आठवत होता.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या गाठीचं मूळ घराण्याच्या पहिल्या पुरुषापाशी आहे. झू युआनझांगने १३८० मध्ये पंतप्रधानपदच रद्द केलं. सगळे निर्णय बादशहाचे. चौदा वर्षांनी त्याने मेन्सियसच्या ग्रंथातून ८५ उतारे काढून टाकायला लावले. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या या तत्त्वज्ञाने लिहिलं होतं की प्रजा सर्वांत मोलाची, राजा सर्वांत कमी, आणि जुलमी राजाला मारणं म्हणजे राजहत्या नव्हे. पुढे १४११ मध्ये मूळ पाठ परत आला. पंतप्रधान मात्र परत आला नाही. राजाला खरं सांगणं हे मंत्र्याचं पहिलं कर्तव्य, हे परीक्षेत पाठ करूनच प्रत्येक अधिकारी दरबारात पोचे. पण बादशहाला सल्ला देणाऱ्या महासचिवांच्या पदावर चोंगझेनच्या सतरा वर्षांत सुमारे पन्नास जण येऊन गेले.

२६ फेब्रुवारी. उरले ५९ दिवस

वू सानग्वीचा विषय निघाला. साम्राज्याची सर्वांत चांगली फौज त्याच्याकडे होती, आणि ती महाभिंतीपलीकडे निंगयुआनला मांचूंसमोर उभी होती. तिला बोलवावं तर निंगयुआन सोडावं लागणार. मुलूख सोडण्याची शिफारस कोणी करायची? चर्चा सुरू राहिली.

मार्चमध्ये तायुआन शहर बंडखोरांच्या हाती पडलं. राजपुत्राला तरी नानजिंगला पाठवा, अशी सूचना आली. ग्वांग शिहंग या अधिकाऱ्याने भर दरबारात विचारलं, म्हणजे तिकडे दुसरा बादशहा बसवायचा बेत आहे का? या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे राजद्रोहाचा आरोप ओढवून घेणं. सगळे गप्प झाले. पुढे बंडखोर राजधानी बीजिंगमध्ये आल्यावर ग्वांग त्यांना शरण गेला.

एप्रिलचा दुसरा आठवडा. उरले सुमारे १४ दिवस

वू सानग्वीला हुकूम सुटला: निंगयुआन सोडून ये. निर्णयाला सहा आठवडे लागले होते. वू निघाला, पण फौजेबरोबर तिथली रयतही होती. बैलगाड्या, म्हातारी माणसं, पोरंबाळं. त्या वेगाने तो येत राहिला.

१६ एप्रिल. उरले ९ दिवस

शिपायांचा कित्येक महिन्यांचा पगार थकला होता. बादशहाने सरदार आणि अधिकाऱ्यांकडे वर्गणी मागितली. महाराणीचे वडील झोउ ख्वेई म्हणाले, माझ्याकडे काही नाही. बखरी सांगतात की लेकीने चोरून बापाला ५,००० ताएल चांदी पाठवली आणि त्यातले २,००० त्याने स्वतःकडे ठेवले. एक ताएल म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम. पुढे बंडखोरांनी त्याच्या वाड्यातून पाच लाखांहून जास्त ताएल काढल्याची नोंद आहे. एकूण वर्गणी जमली सुमारे दोन लाख.

२१ एप्रिल. उरले ४ दिवस

बीजिंगच्या वायव्येची च्यूयोंग खिंड. मूठभर माणसांनी मोठं सैन्य अडवावं अशी जागा. सेनापती तांग तोंगने ती न लढता दिली.

२२ एप्रिल, सकाळ. उरले ३ दिवस

बादशहा नेमणुकीच्या उमेदवारांच्या मुलाखती घेत होता. फौजेसाठी पैसा कसा उभारावा, हा प्रश्न. बखरीप्रमाणे, एक उमेदवार उत्तर देत असताना घडी घातलेली चिठ्ठी आत आली. ती वाचून बादशहाचा चेहरा उतरला आणि तो उठून गेला. उमेदवार बराच वेळ तिथेच थांबले. चांगपिंग पडल्याची ती बातमी होती. मिंग बादशहांची थडगी चांगपिंगला आहेत. तिथून बीजिंग एका दिवसाची वाट.

२३ एप्रिल. उरले २ दिवस

शहराबाहेर तळ देऊन असलेली राजधानीची फौज एका दिवसात मोडली. दरबारात बादशहाने विचारलं, काय करायचं? उत्तर आलं नाही. म्हणतात की त्याने बोटाने टेबलावर अधिकाऱ्यांबद्दल काही शब्द लिहिले, शेजारच्या खोज्याला दाखवले आणि पुसून टाकले.

ली झिचेंगने शरण आलेल्या एका खोज्याकरवी अटी पाठवल्याचंही बखरींत आहे: वायव्येचं राज्य आणि दहा लाख ताएल द्या, मी माघारी जातो, वर मांचूंशी लढतो. बादशहाने महासचिव वेई झाओदेकडे पाहिलं. वेईने मान खाली घातली. पुन्हा विचारलं. मान खालीच.

२४ एप्रिल, दुपारी ३ ते ५. उरले सुमारे १२ तास

बाहेरचं शहर पडलं. वेळ मिंगांच्या अधिकृत इतिहासात दिली आहे. दरवाजा आतून उघडला गेला. कोणी उघडला, यावर वाद अजून मिटलेला नाही.

२४ एप्रिल, संध्याकाळी ७ च्या सुमारास. पहिला पहारा

बीजिंगमध्ये रात्र पाच पहाऱ्यांची. एकेक पहारा दोन तासांचा, पाचवा पहाटे पाचला संपे.

बादशहा राजवाड्यामागच्या कोळसा टेकडीवर चढला. खाली आगी दिसत होत्या. तो परतला आणि मद्य मागवलं. मुलांना जुने, साधे कपडे घालायला लावले. रस्त्यात म्हाताऱ्या माणसाला आजोबा म्हणा, तरुणाला काका म्हणा, असं शिकवून त्यांना बाहेर पाठवलं.

महाराणी झोउने गळफास घेतला.

थोरली राजकन्या पंधरा-सोळा वर्षांची होती. लग्न ठरलेलं होतं. बादशहाने तिच्यावर तलवार उगारली, तिने हात पुढे केला. डावा हात तुटला. ती वाचली. धाकटी वाचली नाही.

मध्यरात्रीनंतर. तिसरा आणि चौथा पहारा

बखरींनुसार तो वेष बदलून काही खोज्यांसह शहराबाहेर पडायला निघाला. एका दरवाजावरच्या पहारेकऱ्यांनी ओळखलं नाही, हटकलं. एका सरदाराच्या वाड्यावर गेला, तर यजमान मेजवानीला गेले आहेत असं दारातूनच सांगितलं. उत्तरेच्या आंतिंग दरवाजाचे अडसर हलेनात. नानजिंगचा रस्ता दहा आठवडे मोकळा होता.

तो परत राजवाड्यात आला.

२५ एप्रिल, पहाटे ३ ते ५. पाचवा पहारा

दरबार भरवायची घंटा वाजवली गेली. एरवी ती ऐकली की शेकडो अधिकारी हुद्द्याप्रमाणे रांगा लावत.

कोणी आलं नाही.

उजाडता उजाडता आतलं शहरही पडलं. बादशहा पुन्हा टेकडीवर गेला. बरोबर एकटा खोजा वांग छंगअन. तिथे दोघांनी गळफास घेतला. अंगरख्यावर मजकूर होता असं सांगतात: दोष मंत्र्यांचा, पण पूर्वजांना तोंड दाखवायची लाज वाटते, म्हणून केसांनी चेहरा झाकला आहे. प्रजेपैकी एकालाही मारू नका.

त्याचं वय ३३. घराणं २७६ वर्षांचं. तेव्हा आपल्या मावळात शिवाजीराजे चौदा वर्षांचे होते. शेन्सीत माणसं उपाशी मरत होती त्याच काळात, १६३० ते १६३२ मध्ये, दख्खनही दुष्काळात होरपळलं होतं.

२५ एप्रिल, दुपार

ली झिचेंग शहरात आला. वू सानग्वी अजून वाटेत होता. बादशहा सापडत नव्हता. शोध लागायला दोन-तीन दिवस गेले.

त्यानंतर

त्याच्यासाठी थडगं बांधलेलं नव्हतं. आधी वारलेल्या त्याच्या थेन नावाच्या राणीचं थडगं चांगपिंगला होतं, ते उघडायचं ठरलं. खर्चाला सरकारी पैसा नव्हता. तिथल्या एका खालच्या दर्जाच्या कारकुनाने गावातल्या काही जणांकडे वर्गणी मागितली. त्यांनी दिली.