कवडीचं दान आणि हातातला पट

खानदेशात आखाजी म्हटली की झोके, गौराई आणि सासुरवाशिणींचं माहेर आठवतं. दुसरी आठवण जरा दबक्या आवाजात सांगतात: त्या दिवशी पत्त्यांच्या डावाकडे घरची मोठी माणसंही काणाडोळा करतात. नाद जुनाच आहे. जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या २ क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातक रंगवलंय, आणि त्या कथेचा सगळा पेच द्यूताच्या एका डावावर उभा आहे. आज आपण बोलणार आहोत ते असे जुने पट हातातल्या यंत्रात उतरवताना काय होतं, याविषयी.

१९७९ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने मायक्रोव्हिजन नावाचं यंत्र आणलं. कार्ट्रिज बदललं की खेळ बदलतो, असं हातात मावणारं हे पहिलं यंत्र. कंपनी मूळची पटावरच्या खेळांची, त्यामुळे 'कनेक्ट फोर' हा आपलाच खेळ तिने त्यावर बसवला. पडदा केवढा? १६ ठिपके रुंद आणि १६ ठिपके उंच, बस्स.

आता आपला सारीपाट घ्या. चार भुजा, प्रत्येकीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी. म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ अधिक मधली ३ अधिक ८, एकोणीस घरं. एका घराला एकच ठिपका दिला तरी पट त्या पडद्यावर मावत नाही! इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पचिशीवरून ल्युडो केला, तेव्हा भुजा सहा घरांची केली. त्याची बेरीज पंधरा, तो मावतो. अर्थात तेव्हा पडदा कुणाच्या स्वप्नातही नव्हता, हा निव्वळ योगायोग. आपल्या ओट्यांवर खडूने किंवा कोळशाने आखतात तो पाच बाय पाच घरांचा पट तर आरामात बसतो. त्याला कुणी चल्लस म्हणतं, कुणी चौकाबारा. नावं गावागणिक बदलतात.

जागेचं असं जमून जातं. खरी अडचण दानाची.

या लहान पटावर चार कवड्या टाकतात. एक उताणी पडली तर एक, दोन पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन. चारही उताण्या पडल्या तर चार, आणि चारही उपड्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा दान मिळतं. सोंगटी बसवायलाही बऱ्याच ठिकाणी हेच लागतं. आम्ही काही मुलांना घेऊन हा खेळ मोबाइलवर बसवायला घेतला, तेव्हा यंत्राला सांगितलं, १, २, ३, ४, ८ यातलं कुठलंही एक काढ. खेळ चालला, पण पाच मिनिटांत कंटाळा आला. सगळ्यांच्या सोंगट्या धडाधड बसत होत्या, वाट बघणं उरलंच नव्हतं. एका मुलाची आजी बघत होती. ती म्हणाली, "इतकी आठं पडतात का कधी?"

आजीचं बरोबर होतं आणि उत्तर आपल्या जिल्ह्यातच होतं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. तसा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख तिथे आहे. त्या ग्रंथांतल्या 'लीलावती'त सहा रसांची मिश्रणं किती होतात, असं एक गणित आहे. रीत सोपी. ४, ३, २, १ हे उलटे आकडे वर, १, २, ३, ४ हे सुलटे खाली, आणि क्रमाने गुणत-भागत जायचं. चार भागिले एक म्हणजे ४. त्याला तीनने गुणून दोनने भागा, ६. त्याला दोनने गुणून तीनने भागा, ४. शेवटी १. चार कवड्यांतली एक, दोन, तीन किंवा चार उताणी पडण्याचे हे प्रकार. सगळ्या उपड्या पडण्याचा एक त्यात मिळवा, एकूण १६. त्यात चार एकदा, आठ एकदा. सोळात दोन! आम्ही मोबाइलला पाचात दोन देऊन बसलो होतो.

ल्युडोमध्ये हा प्रश्न येत नाही, कारण तिथे कवडी जाऊन फासा आला. सहा बाजू, प्रत्येकीला सारखीच संधी. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ साली 'ल्युडो किंग' काढला आणि २०२० च्या टाळेबंदीत तो घरोघरी पोचला, तोही या फाशावरच. त्याबद्दल तक्रार नाही. लांब राहणारी भावंडं त्या काळात एका पटावर बसली, ही लहान गोष्ट नव्हे. पण ल्युडोत सहा पडण्याची आशा सहात एक असते आणि चल्लसमध्ये चार-आठची आशा आठात एक. एवढ्या फरकाने खेळाचा स्वभाव बदलतो. कवड्यांच्या खेळात माणूस जास्त वेळ ताटकळतो, म्हणून दान पडल्यावर जास्त ओरडतो.

आम्ही हिशोब दुरुस्त केला. मग आजीबाईंनी दुसरी खोड काढली. खरी कवडी नाण्यासारखी दोन्ही बाजूंना सारखी पडत नाही. एखादी पाठीला जड असते, ती घरात सगळ्यांना माहीत असते आणि लहानगा तीच मागतो. शिवाय कधी कवडी पटाच्या कडेला टेकून तिरकी उभी राहते. ते दान धरायचं की पुन्हा टाकायचं, यावर आमच्या मुलांमध्ये अजून एकमत झालेलं नाही, त्यामुळे मोबाइलमध्ये काय लिहायचं ते तसंच राहिलंय.