न्यायासनावर कोण बसतं?

शिवणगावच्या एका शेतकऱ्यासोबत मी बऱ्याच वर्षांपूर्वी नागपूरच्या कोर्टात गेलो होतो. मिहानसाठी त्यांचं वावर गेलं होतं आणि वाढीव मोबदल्याचा दावा सुरू होता. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून सोबतीला मी. पुढची तारीख घेऊन बाहेर आलो तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, त्या साहेबायनं कधी वखर हाकला असन का?"

मी हसण्यावारी नेलं. पण मुलीनं लगेच विचारलं, "सर, न्यायाधीश निवडतं कोण?"

मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेलं. "राष्ट्रपती नेमतात," असं ठोकून दिलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं, आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. आज ते पुरं करतो.

नागपूरचं उच्च न्यायालय 1936 साली स्थापन झालं. सिव्हिल लाइन्समधली ती देखणी दगडी इमारत 1940 ची. तिथे व्हिव्हियन बोस मुख्य न्यायाधीश होते. तिथेच वकिली करून वर आलेले मोहम्मद हिदायतुल्ला 1954 साली मुख्य न्यायाधीश झाले आणि 1968 साली देशाचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आमचं स्वतंत्र उच्च न्यायालय गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ राहिलं. याच खंडपीठात वकिली केलेले अमरावतीचे भूषण गवई 2003 मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 14 मे 2025 रोजी सरन्यायाधीश झाले. नगरपालिकेच्या शाळेत शिकलेला मुलगा! आम्हा मास्तरांना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

पण पेढे खाऊन झाल्यावर हिशेबही मांडावा. अनुसूचित जातीतले पहिले न्यायाधीश, ए. वरदराजन, सर्वोच्च न्यायालयात पोचले ते 1980 साली. म्हणजे न्यायालय स्थापन झाल्यावर तब्बल तीस वर्षांनी. के. जी. बालकृष्णन 2010 मध्ये निवृत्त झाले, त्यानंतर गवई येईपर्यंत नऊ वर्षं ती जागा रिकामीच. स्त्रियांचं तर विचारूच नका. पहिल्या फातिमा बीवी, 1989 साली. दुसऱ्या आपल्या सुजाता मनोहर, 1994 साली. 2021 पर्यंत सगळ्या मिळून अकरा. त्यांतल्या तिघींचा शपथविधी एकाच दिवशी, 31 ऑगस्ट 2021 रोजी.

असं का? उत्तर निवडीच्या पद्धतीत आहे. खालच्या कोर्टात परीक्षा आहे, जाहिरात निघते, आरक्षण आहे. वरच्या कोर्टात यातलं काही नाही. राज्यघटना म्हणते, राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करावी. 1981 च्या निकालात शेवटचा शब्द सरकारचा ठरला. 1993 च्या निकालाने तो न्यायाधीशांकडे आला आणि ज्येष्ठ न्यायाधीशांचं न्यायवृंद, म्हणजे कॉलेजियम, नावं सुचवू लागलं. संसदेने नेमणुकांसाठी आयोग आणला, तो 2015 साली न्यायालयाने रद्द केला. कारण पटण्याजोगं होतं: ज्या सरकारविरुद्ध खटले चालायचे, त्याच्या हाती न्यायाधीश देऊ नयेत. पण नावं बंद दाराआड ठरली की ओळखीतलीच नावं आठवतात. त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही. मीसुद्धा वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलांनाच आधी उठवत असे.

मग वखर हाकलेला न्यायाधीश असता तर निकाल बदलला असता का? कायदा तोच राहिला असता. पण विहीर, धुरा, चार आंब्याची झाडं यांची किंमत कशी धरली, हा प्रश्न कदाचित त्याने स्वतःहून विचारला असता. मला वाटतं, फरक एवढाच पडतो, आणि तो थोडा नाही.

ती मुलगी वकील झाली. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करत होती, तोच 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लावली. 2002 साली ती काढली होती. कोर्ट न पाहिलेल्या मुलांना एकदम न्यायासनावर बसवू नये, हे म्हणणं रास्तच. पण ज्युनिअर वकिलाला पहिली वर्षं हाती काय पडतं, हे तिच्या घराला विचारा. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख गवईच होते. आपला माणूस वर गेला की आपली वाट आपोआप सोपी होते, असं नसतं; हाही धडाच.

ती आता रोज खापरीहून मेट्रोने सीताबर्डीला जाते आणि तिथून कोर्टात. परवा भेटली, तेव्हा जुनं उत्तर दुरुस्त करून तिला सगळं सांगितलं. म्हणाली, "सर, हे परीक्षेत येत नाही."

"म्हणूनच सांगतोय," मी म्हटलं. तीन वर्षांतलं पहिलं तिचं सरत आलं आहे.