चंदीगड ते लेह : एक तासाचं अंतर

गेल्या आठवड्यात इंडस्ट्रियल एरिया, फेज २ मधल्या एका वर्कशॉपबाहेर आमची गाडी ब्रेकच्या कामासाठी उभी होती. तेवढ्यात विमानतळावरून एएन-३२ उठलं. सोबतचा साताऱ्याचा जवान पहिल्यांदाच लेहला निघाला होता. त्यानं विचारलं, "साहेब, इथून किती वेळ लागतो?" मी सवयीनं सांगितलं, "एक तास." उत्तर चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३९० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-गोव्याइतकं. मनालीमार्गे रस्त्यानं गेलं तर सातशेच्या वर, आणि हिवाळ्यात खिंडी बंद. म्हणून लडाखची लष्करी गोष्ट मुळात विमानांची गोष्ट आहे. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या वाळूत डकोटा उतरवलं. ती धावपट्टी अभियंते सोनम नोर्बू यांनी बांधून घेतली होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये याच चंदीगडहून एएन-१२ विमानांनी २० लान्सर्सचे एएमएक्स-१३ रणगाडे थेट चुशूलला पोचवले.

तासाचा हा हिशेब पहाडाला मात्र मान्य नसतो. चंदीगड समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर, तर लेहची धावपट्टी साडेदहा हजारांच्या वर. विमान तासात चढतं, रक्ताला ते जमत नाही. म्हणून उतरल्यावर पहिल्या टप्प्याचं सहा दिवसांचं अॅक्लमटायझेशन. ते टाळणाऱ्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकतं. दुपारी वारा उठतो, म्हणून उड्डाणं सकाळची. ढग आले की अर्ध्या वाटेवरून परत.

७ फेब्रुवारी १९६८ ला असंच एक एएन-१२ इथून १०२ जणांना घेऊन लेहकडे निघालं. बरेचसे जवान होते. लेहचं हवामान बिघडलेलं, वैमानिकानं विमान माघारी वळवलं आणि रोहतांगजवळ संपर्क तुटला. पस्तीस वर्षं काही मागमूस नव्हता. २००३ साली गिर्यारोहकांना लाहौलमधल्या ढाका हिमनदीवर अवशेष सापडले. त्यानंतर लष्कराच्या तुकड्या पुन्हा पुन्हा शोधाला गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चौघांचे देह मिळाले. एका तासाच्या वाटेवरून घरी परतायला त्यांना ५६ वर्षं लागली. बहुतेक जण अजून बर्फातच आहेत.

माजी सैनिक मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी पहाटे चार वाजता इथे किट घेऊन रांग लावली असेल, आणि उड्डाण रद्द झालं म्हणून वैतागून परतही आला असाल. मीही वैतागलोय. आता वैतागत नाही. उड्डाण रद्द करणारा माणूस त्या १०२ जणांना विसरलेला नसतो.

गाडी तयार झाली तेव्हा जवान आईला फोन लावत होता. मी म्हणालो, "पोचायची वेळ सांगू नकोस. उतरलास की फोन कर."

जय हिंद.