मोहिनी ते किशोरी : मराठी चित्रपटातील विनोद आणि नेपथ्य

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय व बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेल्या या चित्रकाराने पडद्यावर प्रामुख्याने पुराणकथा आणल्या. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटाने केली. नंतर नाशिकला येऊन निर्मिलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. जानेवारी १९१४ मध्ये मुंबईत हा चित्रपट ‘पिठाचे पंजे’ या विनोदी लघुपटासह दाखविला गेला. पुराण आणि विनोद एकाच खेळात होते. पण निराळ्या रिळांत.

फाळके यांचा अखेरचा चित्रपट ‘गंगावतरण’ (१९३७) कोल्हापूर सिनेटोनसाठी तयार झाला. पुढच्याच वर्षी त्याच कोल्हापुरातील हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ प्रदर्शित झाला. कथा प्र. के. अत्रे यांची, दिग्दर्शन व नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची. ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर प्रथम काय करतो, तर संग्रही असलेली सिनेनटींची चित्रे फेकून देतो! मग व्यायाम, शिस्त. आणि मग मीनाक्षीची किशोरी.

किशोरीच्या पोहण्याच्या पोशाखाविषयी इतके लिहिले गेले की चित्रांचा हा प्रसंग झाकोळला गेला. वस्तुतः चित्रपटाचा खरा विनोद तेथे आहे. स्वर्ग, तपोवन, राजसभा यांच्या जागी तरुणाचे सिनेवेडे खासगी जग आले. व्रताची सुरुवात त्या जगाच्या साफसफाईने झाली आणि चित्रपटाने स्वतःच्याच प्रेक्षकाची थट्टा केली.

याच दशकात इटलीतही असेच काही घडत होते. गोफ्रेदो अलेस्सांद्रिनी यांच्या ‘ला सेग्रेतारिया प्रिवाता’मध्ये (१९३१) बँकेतील टंकलेखिका व संचालक यांची प्रेमकथा आहे. पुढे अशा सुखवस्तू, आधुनिक सजावटीच्या चित्रपटांना ‘पांढरे टेलिफोन’ हे नावच पडले. तेथे नेपथ्य वैभवाचे स्वप्न दाखवी. ‘ब्रह्मचारी’तील वस्तू मात्र पात्राची फजिती करतात. हा फरक केवळ खर्चाचा मानणे अपुरे ठरेल. अत्रे यांच्या विडंबनदृष्टीचा त्यात मोठा वाटा आहे.

आणि तरीही कथेचा सांगाडा जुनाच आहे. तप, सौंदर्य, तपोभंग. नाशिकच्या मोहिनीपुढे भस्मासुर भस्म झाला. कोल्हापूरच्या किशोरीपुढे औदुंबर फक्त प्रेमात पडला.