पीटरलू हत्याकांड

पीटरलू हत्याकांड म्हणजे १६ ऑगस्ट १८१९ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या सेंट पीटर्स फील्ड या मोकळ्या जागेत शांततेने जमलेल्या सभेवर घोडदळाने केलेला हल्ला होय. संसदेतील प्रतिनिधित्वात सुधारणा व्हावी, या मागणीसाठी ही सभा भरली होती. उपस्थितांची संख्या साधारणतः ६०,००० मानली जाते. मृतांचा आकडा ११ ते १८ असा दिला जातो. अलीकडील अभ्यासक १८ हा आकडा ग्राह्य धरतात. जखमींची संख्या सहाशेहून अधिक होती. ‘सेंट पीटर्स’ आणि ‘वॉटर्लू’ या नावांच्या उपरोधिक जोडणीतून हे नाव रूढ झाले.

पार्श्वभूमी

१८१५ साली वॉटर्लूच्या लढाईने नेपोलियनबरोबरची युद्धे संपली. परंतु लँकशरमधील हातमाग विणकरांच्या वाट्याला घटती मजुरी व बेकारी आली. त्याच वर्षी संमत झालेल्या धान्य कायद्याने देशी गव्हाचा भाव क्वार्टरमागे ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गव्हाला बाजार बंद केला. त्याचा लाभ जमीनदारांना झाला, तर शहरी मजुरांना महाग भाकरी घ्यावी लागली. असे कायदे करणाऱ्या संसदेत मँचेस्टरसारख्या वाढत्या औद्योगिक शहराचा स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. जवळजवळ ओसाड पडलेला ओल्ड सॅरम हा मतदारसंघ मात्र दोन सदस्य निवडून देत असे. त्यामुळे भाकरीचा प्रश्न मताधिकाराशी जोडला गेला.

१८१७ मध्ये सरकारने हेबियस कॉर्पसचे संरक्षण स्थगित केले. त्याच वर्षी मार्चमध्ये खांद्यावर घोंगडी घेऊन मँचेस्टरहून लंडनकडे निघालेला विणकरांचा मोर्चा सैन्याच्या साहाय्याने मोडण्यात आला.

सभा व हल्ला

९ ऑगस्टला योजलेली सभा दंडाधिकाऱ्यांनी बेकायदेशीर ठरविल्याने ती उद्देश बदलून १६ तारखेस घेण्यात आली. हेन्री हंट हे प्रमुख वक्ते होते. आसपासच्या गावांतून लोक रांगेने, वाद्ये व निशाणे घेऊन आले. मिडल्टनच्या तुकडीचे नेतृत्व सॅम्युएल बॅमफर्ड या विणकराने केले. जमावावर बेशिस्तीचा आरोप होऊ नये म्हणून या तुकड्यांनी माळरानावर संचलनाचा सराव केला होता. दंडाधिकाऱ्यांना नेमकी तीच बंडाची तयारी वाटली. महिला सुधारणा संघटनांच्या अनेक सदस्या पांढरी वस्त्रे परिधान करून आल्या होत्या. मँचेस्टरच्या संघटनेच्या अध्यक्षा मेरी फिल्ड्स व्यासपीठावर होत्या.

जमावाने राजद्रोही भाषा केली तरी तो बळाने पांगविण्याचे टाळावे, असा सल्ला गृहखात्याने काही दिवस आधी पत्राने दिला होता. तरीही विल्यम हल्टन यांच्या अध्यक्षतेखालील दंडाधिकाऱ्यांनी जवळच्या घरातून सभा पाहत हंट यांच्या अटकेचा आदेश काढला. सैन्याच्या मदतीशिवाय तो अमलात आणता येणार नाही, असे उपकॉन्स्टेबल जोसेफ नॅडिन यांनी सांगितले. जमावात प्रथम शिरले ते मँचेस्टर व सॅल्फर्ड येथील येओमन्री, म्हणजे स्थानिक हौशी घोडदळ. त्यात गिरणीमालक, व्यापारी व दुकानदार यांचा भरणा होता आणि त्यांच्या तलवारींना जुलैमध्येच धार लावून घेतलेली होती. मालक व मजूर येथे समोरासमोर आले, ही बाब या घटनेच्या आकलनात मध्यवर्ती आहे.

गर्दीत अडकलेल्या या स्वारांनी तलवारी चालविल्या. जमाव येओमन्रीवर हल्ला करीत असल्याचे सांगून हल्टन यांनी १५ व्या हुसार्स या नियमित पलटणीस सभा पांगविण्याचा आदेश दिला. हुसार्सच्या एका अधिकाऱ्याने येओमन्रीच्या स्वारांना आवरण्याचा प्रयत्न केल्याचे नोंदलेले आहे. एका बाजूची वाट संगिनी रोखलेल्या पायदळाने अडवली होती, त्यामुळे अनेक जण चेंगरले. सुमारे वीस मिनिटांत मैदान रिकामे झाले. विल्यम फिल्ड्स हे दोन वर्षांचे मूल सभास्थानी हल्ला होण्यापूर्वीच, येओमन्रीच्या घोड्याच्या धक्क्याने आईच्या हातून पडून मरण पावले होते. जमावातील प्रमाणाच्या तुलनेत जखमींमध्ये स्त्रियांचे प्रमाण बरेच अधिक होते.

चौकशी व खटले

गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांनी दंडाधिकाऱ्यांना व सैन्याला प्रिन्स रीजंटचे आभार कळविले. ओल्डहॅमचा जॉन लीझ हा वॉटर्लूच्या लढाईत सहभागी झालेला माजी सैनिक जखमांमुळे सप्टेंबरमध्ये मरण पावला. त्याच्या मृत्यूची चौकशी आधी तहकूब करण्यात आली. पुढे मृत्यू-चौकशी अधिकारी व ज्यूरी यांनी मृतदेह एकाच वेळी पाहिला नाही, या तांत्रिक कारणावरून ती रद्दबातल ठरली. हल्ल्याबद्दल कोणासही शिक्षा झाली नाही. १८२२ मध्ये येओमन्रीच्या सदस्यांविरुद्धचा दिवाणी दावाही फेटाळला गेला. याउलट हंट यांना अडीच वर्षांचा व बॅमफर्ड यांना एक वर्षाचा कारावास झाला.

डिसेंबर १८१९ मध्ये ‘सहा कायदे’ संमत झाले. त्यांनी सार्वजनिक सभा व लष्करी पद्धतीच्या सरावावर निर्बंध घातले आणि स्वस्त राजकीय पत्रांवर मुद्रांक कर बसविला.

वृत्तपत्रे व स्मृती

द टाइम्सचे वार्ताहर जॉन टायस व्यासपीठावरच पकडले गेले. तेव्हा अधिकाऱ्यांचीच बाजू लंडनला पोहोचेल, या शंकेने जॉन एडवर्ड टेलर यांनी तिकडे वृत्तांत पाठविला. पुढे १८२१ मध्ये त्यांनीच मँचेस्टर गार्डियन काढले. ‘पीटरलू’ हे नाव प्रचारात आणणाऱ्या मँचेस्टर ऑब्झर्व्हरचे जेम्स रो यांना तुरुंगवास घडला. कवी शेली यांनी इटलीत बातमी ऐकून लिहिलेली ‘द मास्क ऑफ अनार्की’ ही कविता खटल्याच्या भीतीने अप्रकाशित राहिली. ती १८३२ मध्ये, शेली यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, छापली गेली. त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्याने मँचेस्टरला दोन प्रतिनिधी मिळाले; बहुसंख्य कामगार मात्र मताधिकाराबाहेरच राहिले.

घटनास्थळी १९७२ मध्ये लावलेल्या फलकावर सभा सैन्याने ‘पांगविल्या’चा उल्लेख होता, मृतांचा नव्हता. २००७ मध्ये त्याजागी मृत्यूंची स्पष्ट नोंद करणारा नवा फलक आला. २०१९ मध्ये, द्विशताब्दीनिमित्त, कलाकार जेरेमी डेलर यांच्या संकल्पनेनुसार पायऱ्यांचे वर्तुळाकार स्मारक उभे राहिले. वक्त्याला वर चढून बोलता यावे, ही त्यामागील कल्पना होती. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना माथ्यावर जाता येत नसल्याने त्यावर टीका झाली.